गोव्यातील जुन्या घरांच्या जाहिराती कशा वाचाव्यात

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: गेले वर्षभर आपण उभयता ठाण्यात बसून, गोव्यात विक्रीला असलेली जुनी, प्रशस्त घरे संकेतस्थळांवर पाहत आहात. त्यांच्या किमती 4 कोटींपासून 25 कोटींपर्यंत दिसतात, एकच घर दोन ठिकाणी दोन वेगळ्या किमतींना आढळते, आणि यातले खरे किती, किंमत कशावर ठरते व प्रत्यक्ष जाण्यापूर्वी घरबसल्या काय तपासता येईल, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. निवृत्तीनंतर असे घर घ्यावे असे मनात आहे, पण तो निश्चय अजून झालेला नाही, आणि घ्यायचे नसताना नुसते पाहत राहणे योग्य आहे का, असेही आपण विचारले आहे.

मी गोव्यातील जुन्या घरांच्या दुरुस्तीचे व जतनाचे काम करतो. खरेदीदार मला बोलावतात ते बहुधा इसार देऊन झाल्यावर, भिंती आणि छप्पर तपासण्यासाठी. त्या वेळी भिंतींपेक्षा कागदांचा प्रश्न मोठा असल्याचे वारंवार दिसून येते. जाहिरात इमारत दाखवते, परंतु आपण विकत घेता ते एका विस्तारलेल्या कुटुंबाच्या वारशातील हक्क आणि त्या इमारतीखालची जमीन. म्हणून छायाचित्रांतील दिवाणखान्यावरून नजर काढून, ही मालमत्ता विकण्याचा अधिकार नेमका किती जणांकडे आहे, या प्रश्नापासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

आधी किमतीविषयी. संकेतस्थळावरचा आकडा ही मागणी असते. तो आकडा मालकाने सांगितलेला असेलच असे नाही. जुन्या घरांच्या बाबतीत एकाच कुटुंबातील दोन भावंडे दोन वेगळ्या दलालांशी बोललेली असतात, प्रत्येक दलाल आपल्या अंदाजाने आकडा टाकतो, आणि तिसरा दलाल त्या दोघांची छायाचित्रे उचलून स्वतःची जाहिरात लावतो. त्यामुळे एका घराच्या दोन किमती दिसल्या तर ती केवळ निष्काळजीपणाची खूण मानू नये. विक्रीसाठी कुटुंबाचे एकमत झालेले नाही, असाही तिचा अर्थ असू शकतो, आणि तो अर्थ आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. छायाचित्र उलट शोधात, म्हणजे तेच चित्र संकेतस्थळांवर आणखी कोठे आहे ते दाखवणाऱ्या सोयीत, टाकून पाहावे. तेच घर दोन वर्षांपूर्वी कोणत्या किमतीला होते, मधल्या काळात ते पाहुण्यांना भाड्याने दिले जात होते का, हे त्यातून पुष्कळदा कळते.

महाराष्ट्रात आपण नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक 2 पाहून शेजारच्या व्यवहारांची नोंदलेली किंमत घरबसल्या तपासू शकता. गोव्यात त्यासाठी स्थानिक वकिलामार्फत त्या तालुक्याच्या उपनिबंधक कार्यालयात जवळपासच्या विक्रीखतांचा शोध घ्यावा आणि नकला मागवाव्यात. या घरांची किंमत मुख्यतः जमिनीची असते. समजा, जाहिरातीत 12 कोटी मागितले आहेत आणि जमीन ‘एक एकर’ म्हटली आहे. एक एकर म्हणजे सुमारे 4047 चौरस मीटर. उताऱ्यावर प्रत्यक्षात 2900 चौरस मीटर निघाले, आणि त्यातील 1200 चौरस मीटरच वस्ती क्षेत्रात असून उरलेली बाग किंवा भातशेती असली, तर 12 कोटींना भागायचे ते मुख्यतः 1200 ने. हा हिशेब केल्यावर स्वस्त वाटलेले घर महाग ठरते आणि कधी याच्या उलटही होते. आसगाव, शिवोली, साळगाव या बार्देशातील गावांत आणि सासष्टीतील आतल्या गावांत जमिनीच्या दरात मोठी तफावत आहे. त्यामुळे लोटली किंवा चांदर परिसरातील घर त्याच आकाराच्या आसगावच्या घरापेक्षा कमी किमतीला दिसले, तर त्यात काही खोट आहे असे लगेच समजू नये.

घराच्या क्षेत्रफळाबाबतही सावध राहावे. जाहिरातीतील ‘9000 चौरस फूट’ यात बहुधा राजांगण (घराच्या मधले उघडे अंगण), व्हरांडे, मागची कोठारे, पडका गोठा, सर्व धरलेले असते. सर्वेक्षण नकाशावरील इमारतीचा ठसा मोजून पाहिला तर अंदाज येतो.

आता मालकीकडे वळू, कारण गोव्याचा कायदा महाराष्ट्रातील खरेदीदाराच्या ओळखीचा नाही आणि त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. जाहिरातींत ज्यांना ‘पोर्तुगीज बंगला’ म्हटले जाते, त्यांतील बहुतेक घरे गोमंतकीय कुटुंबांनीच बांधलेली आहेत, ख्रिस्ती कुटुंबांनी बाल्कांव (दारापुढची बसायची पडवी) आणि खासगी प्रार्थनाघरासह, हिंदू कुटुंबांनी राजांगण आणि तुळशीवृंदावनासह. 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात 1870 पासून लागू झाला, आणि त्यातील कौटुंबिक मालमत्तेची मूळ तत्त्वे 1961 नंतरही चालू राहिली. वारशाची कार्यपद्धती आज 2012 च्या गोवा वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायद्याने चालते. इन्व्हेंटरी म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी करून ती वारसांत वाटण्याची न्यायालयीन प्रक्रिया. या व्यवस्थेत विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि प्रत्येकाचा तिच्यात अविभक्त अर्धा भाग असतो. दोघांपैकी एकाला दुसऱ्याच्या संमतीवाचून स्थावर मालमत्ता विकता येत नाही. मुलगे आणि मुली समान वारस असतात, आणि वारसाला मिळालेल्या हिश्शातही त्याच्या जोडीदाराचा भाग येतो.

याचा व्यवहारातील अर्थ असा होतो. समजा, उताऱ्यावर नाव आहे त्या गृहस्थाचे निधन 1970 च्या दशकात झाले. त्यांना पाच अपत्ये होती. एक लिस्बनला गेले, एक पूर्व आफ्रिकेतून पुढे कॅनडात, दोघे मुंबईत, आणि एक मुलगी गावातच राहिली. आज त्या पाचांपैकी तिघे हयात नाहीत, त्यांची मुले आहेत, त्या मुलांचे जोडीदार आहेत. विक्रीखतावर या सर्वांच्या सह्या लागतात, आणि हा आकडा वीसच्या पुढे सहज जातो. त्यांपैकी गावात राहणारे, घराची झाडलोट करणारे आणि दलालाशी बोलणारे एकच कुटुंब असते. ते प्रामाणिक असते, पण विकण्याचा अधिकार त्या एकट्याकडे नसतो. वाटणी होण्यापूर्वी सहमालकाला मालमत्तेचा विशिष्ट तुकडा, म्हणजे ‘पूर्वेकडचा भाग’ किंवा ‘मागची बाग’, स्वतंत्रपणे विकता येत नाही. आपला अविभक्त हिस्सा तो तिऱ्हाइताला विकू लागला तर इतर सहमालकांना तो आधी घेण्याचा हक्क असतो. म्हणून जाहिरातीत ‘घराचा अर्धा भाग विक्रीस’ असे दिसले तर, इन्व्हेंटरी कार्यवाही पूर्ण होऊन तो भाग न्यायालयाच्या आदेशाने वेगळा झाला आहे का, एवढा एक प्रश्न लेखी विचारावा. त्याचे उत्तर ‘होणार आहे’ असे आले, तर ती वाट पुष्कळ वर्षांची असू शकते.

दलालाला पहिल्या संदेशात किंमत विचारण्याऐवजी कुटुंबाची वंशावळ, एक-चौदाचा उतारा आणि वारसाहक्काचे खत किंवा इन्व्हेंटरीचा आदेश मागावा. एक-चौदाचा उतारा, म्हणजे आपल्याकडील सातबाऱ्याशी मिळताजुळता नमुना, भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर सर्वेक्षण क्रमांक टाकून पाहता येतो. त्यावरील नावे बहुधा सत्तरच्या दशकातील सर्वेक्षणाच्या वेळची असतात, आणि त्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही. मालकीचा शोध घेण्यासाठी पोर्तुगीज काळातील जमीन नोंदणी कार्यालयाचे वर्णनाचे व नोंदीचे दाखले, करवसुलीच्या मात्रिझ नोंदी, जुनी विक्रीखते आणि भेटखते वाचावी लागतात. हे कागद पोर्तुगीजमध्ये असतात, आणि ते वाचू शकणारा वकीलच नेमावा. भेटखतात आईवडिलांनी हयातभर उपभोगाचा हक्क राखून ठेवलेला असू शकतो. मालक मुलगा, पण घरात राहण्याचा हक्क आईचा, अशी स्थिती मी अनेक घरांत पाहिली आहे. पंचायतीची घरपट्टी कुणाच्या नावावर आहे, याला मालकीच्या दृष्टीने फारसा अर्थ नाही, जरी जाहिरातीत ‘सर्व कागदपत्रे स्वच्छ’ या वाक्याखाली पुष्कळदा तेवढीच पावती जोडलेली असते.

उताऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात कूळ किंवा मुंडकार यांचे नाव आहे का, हे आवर्जून पाहावे. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणारे कुटुंब. 1975 च्या कायद्याने त्याला तेथून सहजासहजी काढता येत नाही, आणि आपले घर व भोवतालची जमीन विकत घेण्याचा हक्क त्याला आहे. पंचायत क्षेत्रात ही जमीन बहुधा 300 चौरस मीटरच्या आसपास असते. मोठ्या घरांच्या आवारात दोन-तीन मुंडकारांची घरे असणे अगदी सामान्य आहे. ती घरे जाहिरातीतील छायाचित्रांत कधीही येत नाहीत, पण उपग्रह प्रतिमेत स्पष्ट दिसतात. या कुटुंबांकडे अडथळा म्हणून पाहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यांनी त्या बागा राखल्या आहेत, विहिरी उपसल्या आहेत, आणि कायद्याने त्यांना दिलेले स्थान योग्यच आहे. त्यांचा भाग वजा करून जमीन किती उरते, ते मोजावे आणि त्यांच्या शेजारी राहण्याची मनाची तयारी ठेवावी. ती नसेल तर दुसरे घर पाहावे.

जमीन कोणत्या क्षेत्रात मोडते, याचा दाखला नगर नियोजन खात्याकडून मिळतो. घर वस्ती क्षेत्रात, पण मागची बाग फळबाग क्षेत्रात, हा प्रकार नेहमीचा आहे. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्या व्यक्तीकडे हस्तांतरित करण्यावर 2023 च्या कायद्याने निर्बंध आले आहेत, त्यामुळे ‘शेताच्या दृश्यासह’ आणि ‘शेतासह’ या दोन शब्दप्रयोगांत फार मोठे अंतर आहे. घर नदीकाठी असेल तर किनारी नियमन क्षेत्राची रेषा तपासावी, आणि जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावसंस्थेची, नाही ना, हेही पाहावे.

आपल्याला वाटणारी फसवणुकीची भीती निराधार नाही. परदेशी गेलेल्या कुटुंबांची बंद घरे आणि जमिनी, पोर्तुगीज काळातील दस्तऐवज बनावट करून परस्पर विकल्याची इतकी प्रकरणे पुढे आली की गोवा सरकारला 2022 मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले, आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोगही स्थापन झाला. म्हणून विक्रेता कुलमुखत्यारपत्रावर सही करणार असेल तर ते पत्र देणारी व्यक्ती आज हयात आहे याची खात्री करावी, कारण सामान्य मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूनंतर संपते. शक्य असेल तर त्या व्यक्तीशी व्हिडिओ कॉलवर बोलावे आणि घरातील एखाद्या खोलीविषयी, शेजाऱ्यांविषयी सहज विचारावे. ज्याचे बालपण त्या घरात गेले आहे तो न अडखळता उत्तर देतो. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर कुटुंबातील प्रमुख नावे टाकून प्रलंबित दावे शोधावेत. हे काम आपण ठाण्यात बसून एका संध्याकाळी करू शकता. स्थावर संपदा प्राधिकरणाचे (रेराचे) संरक्षण या एकट्या जुन्या घराच्या फेरविक्रीला मिळत नाही. जुने घर दुरुस्त करून मागे नवे व्हिला बांधणारा विकासक असेल आणि प्रकल्प कायद्याने ठरवलेल्या आकाराहून मोठा असेल, तर मात्र त्याची नोंदणी असलीच पाहिजे.

विक्रेत्यांपैकी कोणी अनिवासी असेल तर कराची कपात करण्याची जबाबदारी आपल्यावर येते, आणि तिचा दर निवासी विक्रेत्याच्या बाबतीतील 1 टक्क्यापेक्षा पुष्कळ अधिक असतो. काही वारसांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेले असते, तेव्हा परकीय चलन कायद्याचाही प्रश्न उद्भवतो. हे काम सनदी लेखापालाकडे इसार देण्यापूर्वी सोपवावे.

इतके झाल्यावर छायाचित्रांकडे यावे, आणि येथे मला मनापासून आनंद होतो, कारण ही घरे खरोखरच पाहण्यासारखी आहेत. छायाचित्रे पाहताना सर्वप्रथम वरून घेतलेले चित्र शोधावे आणि छपराच्या आढ्याची रेषा सरळ आहे का, ते पाहावे. आढे मध्ये खचलेले असेल तर वासे कुजलेले आहेत किंवा भिंत बाहेर झुकली आहे. कौलांच्या रंगात ठिगळे दिसली तर कोठे गळती होती, ते कळते. कौलाच्या मागे ‘बासेल मिशन’ आणि ‘1865’ असा ठसा दाखवून घर तेवढे जुने असल्याचा दावा केलेला मी पुष्कळदा वाचला आहे. 1865 हे मंगळुरातील त्या कौल कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष आहे. त्या कारखान्याने पुढे अनेक दशके कौले पाडली, त्यामुळे त्या ठशावरून घराचे वय ठरत नाही. मूळ घरे नळ्याच्या कौलांची होती, नंतर मंगळुरी कौले आली, आणि एकाच घराचे वेगवेगळे भाग शे-दीडशे वर्षांच्या अंतराने वाढत गेले. ‘350 वर्षे जुने’ हे विशेषण वाचल्यावर कोणता भाग, असे विचारावे.

भिंतींबाबत माझा अनुभव बहुतेक खरेदीदारांच्या समजुतीच्या उलट आहे. ताज्या रंगाचे, गुळगुळीत, ‘नुकतेच नूतनीकरण केलेले’ घर मला अधिक काळजीत टाकते. या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, मातीच्या किंवा चुन्याच्या सांध्यांच्या असतात. त्या पावसाळ्यात ओल शोषतात आणि नंतर सोडून देतात. वरून सिमेंटचा गिलावा चढवला की आत गेलेली ओल बाहेर पडू शकत नाही, ती भिंतीत वर चढते, आणि काही पावसाळ्यांनी गिलावा पापुद्र्यांनी सुटतो, तो चिऱ्याचा पृष्ठभाग घेऊनच. गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, हे लक्षात घेतले तर ही बाब किती गंभीर आहे ते समजेल. त्याउलट, शेवाळलेली, चुन्याचा जुना गिलावा अर्धवट टिकून असलेली भिंत पुष्कळदा आतून निरोगी निघते आणि योग्य चुन्याने कमी खर्चात सावरता येते. खिडक्यांमध्ये शिंपांच्या तावदानांच्या लाकडी चौकटी मूळच्या राहिल्या आहेत का, हेही छायाचित्र मोठे करून पाहावे. त्या गेल्या असतील तर तशा शिंपा आणि ते काम करणारे सुतार सहज मिळत नाहीत. दिवाणखान्याच्या छताला जिप्समचे नवे छत लावलेले दिसले तर त्यावरची लाकडे कोणालाच दिसलेली नाहीत असे धरून चालावे. अतिरुंद भिंगाने घेतलेल्या चित्रांत खोल्या मोठ्या भासतात, परंतु दाराची उंची आणि फरशीच्या चौकोनांची संख्या मोजून खरी लांबी काढता येते.

‘सामानासह’ विकल्या जाणाऱ्या घरांत झुंबरे, कोरीव खाटा, देवघरातील किंवा प्रार्थनाघरातील मूर्ती असतात. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना 1972 चा पुरावशेष कायदा लागू होतो. त्यांपैकी काहींची नोंदणी आवश्यक असते आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. विक्रीखताला वस्तूंची छायाचित्रांसह यादी जोडून घ्यावी, कारण पहिली भेट आणि ताबा यांच्या दरम्यान घरे रिकामी होताना मी पाहिली आहेत.

पहिली भेट जुलै किंवा ऑगस्टमध्ये ठेवावी. जाहिरातींतील बहुतेक चित्रे डिसेंबरच्या उन्हातील असतात, तर घराची खरी प्रकृती भर पावसात कळते. बरोबर एक अनुभवी सुतार असावा. तो वाळवीने पोखरलेला वासा ठोकून ओळखतो. दुरुस्तीचा अंदाज मी कधीही छायाचित्रांवरून देत नाही, आणि जो देतो त्याच्यावर विसंबू नये.

शेवटी, घ्यायचे नसताना पाहणे योग्य आहे का, याविषयी. जाहिराती अवश्य पाहाव्यात. यांतील अनेक घरांचे अंतरंग अन्यथा कोणालाही पाहायला मिळाले नसते, आणि काही घरे पाडली जाण्यापूर्वीची तेवढीच चित्रे उरतात. आपण स्वतःसाठी ती जपून ठेवलीत तर मला आनंदच वाटेल. मात्र निश्चय नसेल तोपर्यंत प्रत्यक्ष घर दाखवण्याची मागणी करू नये. त्या घरांत पुष्कळदा एखादी वृद्ध व्यक्ती एकटी राहत असते, आणि प्रत्येक अनोळखी पाहुण्यासमोर तिला आपले घर जाणार असल्याचे पुन्हा एकदा ऐकावे लागते. नजर तयार करायची असेल तर त्यासाठी पाहुण्यांना खुली असलेली घरे आहेत: चांदर येथील ब्रागांझा कुटुंबाचे घर आणि केपे येथील 1787 चे पालासियो दो देयांव. मडगावातील ‘सात बुर्जांचे घर’ही रस्त्यावरून पाहावे. त्याच्या सात शिखरी छपरांपैकी आज तीनच उरली आहेत, पण तेवढ्यावरूनही मूळ घराच्या प्रमाणाची कल्पना येते. पर्यटकांची गर्दी टाळण्यासाठी डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा सोडून जावे.